उन्हा-सावलीची पेटी

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी इंग्लंडमधल्या लेस्टरला माझ्या भाचीच्या घरी पोहोचलो. तिच्या मुलाने मला कोटसुद्धा काढू दिला नाही. "आजोबा, लाडू पाच आठवडे जेवला नाहीये," म्हणत तो मला हाताला धरून थेट वरच्या खोलीत घेऊन गेला. लाडू म्हणजे त्याचा बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतला एक छोटा अजगर. हा साप घाबरला की डोकं मधोमध दडवून अंगाचा घट्ट गोळा करतो. म्हणून इंग्रजीत त्याच्या नावात चेंडू आला आणि आमच्या घरात तो लाडू झाला.

खोली छान उबदार होती. काचेच्या पेटीत, वरच्या कडेजवळ, काट्याचं गोल थर्मामीटर चिकटवलेलं होतं आणि ते २९ अंश सेल्सिअस दाखवत होतं. "मामा, तुम्हीच बघा, तापमान तर बरोबर आहे," भाची म्हणाली. मी झाकण सरकवून डाव्या कोपऱ्यात तळाला हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. पेटीखाली हीट मॅट होती, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई. वरची झाडाची साल बाजूला सरकल्यामुळे तिथली काच उघडी पडली होती. इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून पाहिलं, ४४ अंश. उजव्या टोकाला १९. लाडू दोन्हींच्या मध्ये पाण्याच्या भांड्याला वेढा घालून बसला होता. त्याला उचलून हलकेच उलटं केलं, तर पोटावरचे आठ खवले तांबूस-तपकिरी पडले होते आणि त्यांच्या कडा उचलल्या होत्या. तो भाजला होता.

त्याच्या उपासाची मला तेवढी काळजी वाटली नाही. बॉल पायथन थंडीच्या दिवसांत कित्येक आठवडे अन्नाकडे पाठ फिरवतात आणि तरी ठणठणीत राहतात. पोट पाहून मात्र जीव कळवळला. भाची सवयीने हळद आणायला वळली, तिला थांबवलं. सापाच्या जखमेवर घरगुती लेप लावू नये. दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भाजल्यावरचं चांदीयुक्त मलम दिलं आणि जखम भरेपर्यंत साल काढून साधा कागद अंथरायला सांगितलं. मॅटसोबत थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठराविक पातळीवर राखणारं उपकरण, का घेतला नाही, असं विचारलं तेव्हा कळलं, की ज्या दुकानातून ती आणली तिथे 'याला वेगळं काही लागत नाही' असं सांगितलं होतं. हे प्रकरण त्या एका वाक्यामुळे लिहावंसं वाटलं.

सापाला ऊब लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कशासाठी लागते हे नीट माहीत नसल्यामुळे चुका होतात. शाळेत आपण 'शीतरक्ताचे प्राणी' हा शब्द शिकलो. तो दिशाभूल करणारा आहे. उन्हातून नुकतीच सरकलेली धामण हाताला गरम लागते, तिचं रक्त त्या वेळी कुठल्याच अर्थाने शीत नसतं. फरक आहे तो ऊब कुठून येते यात. आपण जे जेवतो त्यातला मोठा वाटा शरीर ३७ अंशांवर ठेवण्यातच जळून जातो. साप हा खर्चच करत नाही. तो ऊब बाहेरून घेतो, उन्हातून, तापलेल्या दगडातून, जमिनीतून. म्हणून तर पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांतून एक उंदीर पुरतो. मराठीत आपण 'ऊन खाणं' म्हणतो. सापाच्या बाबतीत तो वाक्प्रचार शब्दशः घ्यायला हरकत नाही, कारण ऊन हा त्याच्या आहाराचाच भाग आहे. उंदीर गिळला आणि ऊब मिळाली नाही, तर पाचक रस काम करत नाहीत, भक्ष्य पोटात कुजू लागतं आणि साप ते उलटून टाकतो.

सरपटणारे प्राणी हवेच्या तापमानाप्रमाणे निमूटपणे तापतात आणि निवतात, असा समज शास्त्रज्ञांमध्येही बराच काळ होता. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी संशोधकांनी १९४४ साली वाळवंटातल्या सरड्या-सापांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तो समज मोडला. हे प्राणी उन्हातून सावलीत, सावलीतून बिळात, पुन्हा उन्हात अशा येरझाऱ्या घालत दिवसभर आपलं शरीर एका ठराविक तापमानाच्या आसपास राखतात, असं त्यांनी दाखवून दिलं. हालचाल हाच त्यांचा थर्मोस्टॅट.

आजारपणातही ते हेच करतात. १९७४-७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी डेझर्ट इग्वाना या सरड्यांवर केलेले प्रयोग मला फार मोलाचे वाटतात. जिवाणूंचा संसर्ग झालेले सरडे निरोगी असतानापेक्षा जास्त गरम जागा निवडत होते. आपल्याला ताप आतून चढतो, ते चालत जाऊन ताप आणत होते. ज्या सरड्यांना तशी ऊब मिळू दिली नाही, त्यांच्यात मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं.

आणखी एक अभ्यास पेटीच्या दृष्टीने तर थेट उपयोगाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या ईगल लेकजवळचे गार्टर साप कोणत्या दगडांखाली दडतात, हे रेमंड ह्यूई आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. १९८९ साली त्यांनी ते मांडलं. पातळ दगड दुपारी भाजून काढतात आणि रात्री गार पडतात. फार जाड दगड दिवसभर थंडच राहतात. साप शोधून शोधून मधल्या जाडीचे दगड निवडत होते, कारण त्यांच्याखाली जरा इकडे-तिकडे सरकलं, की हवी ती ऊब बराच वेळ मिळत राहते.

स्वतः ऊब निर्माण करणारा साप अगदीच नाही असं नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून खुडूक कोंबडीसारखी बसते. तिचं अंग या काळात गरम असतं, असं लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने भारतातल्या निरीक्षणावरून १८३२ साली पॅरिसच्या विद्वानांना कळवलं, तेव्हा त्यांनी ते उडवून लावलं. १८४१ मध्ये पॅरिसमध्येच अंड्यांवर बसलेल्या अजगराच्या मादीचं तापमान मोजलं गेलं आणि बिचाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. पुढे १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या मोजमापात उलगडा झाला. मादी स्नायू लयीत आखडून, एका अर्थाने कुडकुडून, अंगाचं तापमान भोवतालपेक्षा चार-पाच अंशांनी वर नेते. पण तो आईपणाचा अपवाद. लाडूला हे जमणारं नव्हतं. त्याला ऊब आपणच पुरवायची होती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला ती निवडता येईल अशी पुरवायची होती.

त्यासाठी त्याचं मूळ घर डोळ्यांपुढे आणावं लागतं. बॉल पायथन घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातल्या गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात राहतो. बेनिनमधल्या विदा या गावात त्याचं देऊळ आहे. तिथे हे साप पवित्र मानले जातात, त्यांना कोणी मारत नाही. देश उष्ण आहे, पण हा साप उघड्यावर ऊन खात पडणारा नव्हे. दिवस तो उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात काढतो आणि रात्री बाहेर पडतो. म्हणजे त्याची ऊब अंधारी, दमट आणि तीन बाजूंनी अंगाला भिडलेली असते. गरम पण उघडी जागा आणि सुरक्षित पण गार जागा, असे दोनच पर्याय दिले तर तो बहुतेकदा सुरक्षित जागा निवडतो आणि गारठत बसतो. म्हणून अंग जेमतेम मावेल अशी दडायची जागा दोन्ही टोकांना हवी. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, शक्यतो सारख्याच आकाराच्या. यात काटकसर करू नये.

पेटीची लांबी महत्त्वाची. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी चांगली. आखूड पेटीत एक टोक तापवलं की दुसरंही तापतं, मग पळायला जागाच उरत नाही. लांब पेटीत उष्णतेचा उतार तयार होतो. गरम टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २४ ते २६, आणि मधे हळूहळू उतरत गेलेलं तापमान. रात्री गरम बाजू थोडी निवली तरी चालेल, पण पेटी २२-२३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. हे आकडे बॉल पायथनचे आहेत. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकला गरम टोक २८ ते ३० आणि थंड टोक २२-२४ पुरतं. प्रत्येक जातीचा देश वेगळा, म्हणून आकडेही वेगळे. लाकडी पेटी काचेपेक्षा ऊब चांगली धरते. काचेचीच असेल तर तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावला की बराच फरक पडतो.

आता ऊब वरून द्यायची की खालून? माझं मत स्पष्ट आहे, जमेल तिथे वरून. सूर्य वरून तापवतो. जमीन आणि दगड ती ऊब साठवतात आणि रात्री सावकाश सोडतात. दिवसा हॅलोजनचा दिवा आणि त्याखाली फरशीचा सपाट तुकडा, एवढी साधी रचना हे काम उत्तम करते. रात्री उजेड नको असेल तर सिरॅमिक हीटर असतो. तो बल्बसारखा होल्डरमध्ये बसतो आणि प्रकाश न देता तापतो. त्याचा होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. आणि दिवा असो की सिरॅमिक, पेटीच्या आत असेल तर त्याभोवती जाळीचा पिंजरा हवाच हवा. साप वर चढून त्याला विळखा घालतात, आणि त्या भाजण्यातून वाचणं कठीण असतं.

हीट मॅट वाईट वस्तू नाही. थंड देशात तळाला आधाराची ऊब म्हणून ती उपयोगी पडते. तळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठी नसावी, आणि पेटीला खाली पाय असावेत म्हणजे हवा खेळती राहील. पण तिचा एक दोष मुळातला आहे. तापलेल्या जमिनीत खाली शिरलं की गारवा मिळतो, हे सापाच्या अंगात भिनलेलं आहे. मॅटच्या पेटीत हे नेमकं उलटं होतं. साप जितका खाली उकरत जातो तितका चटका वाढत जातो. वर सालीचा जाड थर असेल तर ऊब अडून काचेशी साठते. वरून हात लावला तर जेमतेम कोमट, आणि खाली तवा.

मग साप उठून जात का नाही? हा प्रश्न भाचीच्या मुलाने मला विचारला आणि तो रास्त आहे. बॉल पायथनच्या ओठांवर तर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. २०१० साली डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेने अशा सापांमधला उष्णता टिपणारा रेणू शोधून काढला. अजगरात तो ३३ अंशांच्या आसपास जागा होतो. उष्णतेच्या संवेदनेवरच्या कामासाठी जूलियस यांना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. पण या खाचा अंधारात उंदराचं गरम अंग टिपण्यासाठी आहेत, पोटाखालच्या काचेची राखण करण्यासाठी नाहीत. पोटाकडून ऊब हळूहळू चढत जाते. शिवाय पेटीचं दुसरं टोक १९ अंशांवर असेल, तर गारठलेला साप मिळेल त्या उबेला चिकटून राहतो. लाडू तापट होता किंवा मूर्ख होता म्हणून भाजला नाही. त्याला निवडायला धड काही दिलंच नव्हतं.

या सगळ्याचा जीव थर्मोस्टॅटमध्ये आहे. तापणारी कुठलीही वस्तू थेट भिंतीतल्या प्लगमध्ये जायला नको, मध्ये थर्मोस्टॅट हवा. मॅटला साधा चालू-बंद होणारा चालतो. दिव्याला उजेड कमी-जास्त करणारा डिमर पद्धतीचा लागतो, नाहीतर दिवा सारखा लुकलुकत राहतो आणि लवकर उडतो. सिरॅमिकसाठी वीज ठोक्याठोक्याने सोडणारा पल्स पद्धतीचा मिळतो. पण थर्मोस्टॅट महाग की स्वस्त यापेक्षा त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान जाणणारा मणी, कुठे बसवला आहे हे जास्त महत्त्वाचं. मॅट असेल तर तो मॅटच्या बरोबर वर, जिथे सर्वांत जास्त तापतं तिथे हवा. ऊब वरून येत असेल तर साप जिथे पडतो तिथे, त्याच्या अंगाच्या उंचीवर. थंड टोकाला लावलात, तर थंड टोक गरम होईपर्यंत हीटर दुसऱ्या टोकाला भाजत राहील. सापाने ओढून पाण्याच्या भांड्यात पाडला, तरी तेच. पाणी गार लागतं, थर्मोस्टॅटला वाटतं अजून तापवायला हवं. म्हणून प्रोब पक्का बांधायचा, पण चिकटपट्टीने नाही. पेटीच्या आत चिकटपट्टी सुटली, की ती सापाच्या अंगाला चिकटते आणि ओढून काढताना कातडी सोलते. प्लास्टिकच्या बंदाने किंवा गरम गोंदाच्या थेंबाने बसवावा.

आणि थर्मोस्टॅटवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दोन्ही टोकांना एकेक डिजिटल थर्मामीटर ठेवावा, काट्याचे गोल थर्मामीटर सरळ फेकून द्यावेत. भाचीच्या पेटीत तो काटा कदाचित खरंच बोलत असेल, पण वरच्या हवेबद्दल. साप तळाला राहतो. तळाचं, फरशीचं तापमान पाहायला इन्फ्रारेड थर्मामीटर हवा, आणि तोही कारागीर वापरतात तसा. करोनाच्या काळात कपाळावर रोखायच्या बंदुका घरोघरी आल्या, त्या इथे चालत नाहीत. त्या माणसाच्या तापाच्या आसपासचंच मोजायला बनवलेल्या असतात.

ऊब वाढली की हवा कोरडी पडते, एवढंही लक्षात असू द्यावं. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. ती घटली की कात अखंड न निघता तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची पारदर्शक कात तशीच अडकून राहते. मोठं पाण्याचं भांडं आणि एका दडणीत ओलसर शेवाळ, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

वीज गेली तर काय, याचा विचार आधीच करून ठेवावा. थंडी सापाला किती लवकर नेते, याचं उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं आहे. तिथल्या एव्हरग्लेड्स दलदलीत माणसांनी आणलेले बर्मी अजगर पसरले आहेत. जानेवारी २०१० मध्ये थंडीची मोठी लाट आली, तेव्हा रेडिओ यंत्रं बसवून पाळतीवर ठेवलेल्या दहा अजगरांपैकी नऊ मेले. पेटीतल्या सापाचं नशीब जरा बरं, कारण आपण जवळ असतो. पेटीवर गोधड्या घालाव्यात, पण हवेला फट ठेवावी. वीज लवकर येणार नसेल तर सापाला सुती पिशवीत घालून, थोडी भोकं पाडलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवावं आणि शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवावी. ऊब परत स्थिर होईपर्यंत खायला अजिबात देऊ नये.

लेस्टरला आम्ही पुढचे काही दिवस लाडूला वेगळ्या खोक्यात ठेवून पेटी नव्याने लावली आणि तीन दिवस रिकामीच चालवली. मुलाने वहीत रोज सकाळ, दुपार, रात्र अशी दोन्ही टोकांची नोंद केली. पहिल्या दिवशी गरम टोक ३६ वर गेलं, प्रोब दोन बोटं सरकवावा लागला. दुसऱ्या दिवशी ३३, तिसऱ्या दिवशी ३२ आणि २५. मग लाडू आत गेला. पहिली रात्र त्याने गरम दडणीत काढली, दुसरी थंड दडणीत. मुलगा मला सकाळी उठवून सांगायला आला, "आजोबा, तो जागा बदलतोय!" मला तेवढंच ऐकायचं होतं. मी परतल्यावर तीन आठवड्यांनी लाडूने उंदीर घेतला. त्यानंतर त्याने तीनदा कात टाकली, तरी ते आठ खवले अजून फिकट आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. आपल्याकडचा कोणताही रानटी साप, धामण असो, अजगर असो की नाग, घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. थंडीत अंगणात गारठून मंद पडलेला साप दिसला, तर त्याला शेकू नका, हीटरजवळ नेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ऊन चढलं की बहुतेकदा तो आपणहून निघून जातो.

आणि तुमचं कुणी परदेशात साप पाळत असेल, तर पुढच्या वेळी फोनवर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा. थर्मोस्टॅटचा प्रोब पेटीत नेमका कुठे बसवला आहे? उत्तर द्यायला त्यांना उठून पाहावं लागलं, तर फोन चालू ठेवूनच पाहायला सांगा.